आतली माया

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

शनिवारचा तुझा कार्यक्रम छान झाला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होता. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते.

आता जरा बस. पाणी पी. धक्का बसला की आधी पाणी, मग विचार, असं तूच सांगतेस ना?

आमच्या गावात येणार असल्याचं तू कळवलं नव्हतंस. मी आले ती आमच्या काजवालीबरोबर. कारखान्यात कोटांना काज करते ती बाई. खरं नाव कुणी विचारलं तर तिलाच आठवावं लागेल. तिच्याकडे दोन पास होते. "चल गं," म्हणाली, "ती बाई बोलायला लागली की आतडं पिळवटतं. स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगते." म्हटलं, शनिवारी मला स्वतःची काळजी घ्यायला वेळ नसतो. म्हणाली, "म्हणूनच चल."

पासावर तुझा फोटो होता. तरी ही माझी पाठची बहीण, असं मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, कार्यक्रम संपल्यावर सांगू. तेव्हा मिरवण्यात जास्त मजा.

आधी तू आरशासमोर उभं राहून स्वतःला मिठी मारायला सांगितलंस. मग झोप, मग पाणी, मग श्वास. मी मान डोलावत होते. श्वास मी आजवर फुकट घेत आले, त्यालाही पास लागतो हे नव्यानेच कळलं. आणि मग तू आवाज खाली आणून म्हणालीस, "माझी एक ताई आहे."

मी सरळ बसले. वेडी मी. वाटलं, कौतुक करणार.

"ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. भांड्याला लागलेली खरवड खायची. आम्ही तिला खरवडताई म्हणायचो. आज तिला चहाचा कप एका हातानं उचलता येत नाही. दोन्ही हातांनी धरते, लहान मुलासारखा. तिला वाटतं कुणाच्या लक्षात येत नाही. उजव्या अंगठ्याखालचा मांसल भाग बसत चाललाय. विचारलं, तर म्हणेल, मला काय धाड भरलीये!"

लोक हळहळले. शेजारी काजवाली मुसमुसायला लागली. नाक ओढत मला म्हणाली, "असल्या बायकांना ना, धरून दोन थोबाडीत द्यायला पाहिजेत."

मी तिला माझा रुमाल दिला. डाव्या हातानं.

आता खरवडीचं ऐक. दुधाच्या भांड्याची ती तांबूस, जराशी करपलेली खरवड मला आवडायची. आवडायची म्हणजे जीव जायचा तिच्यासाठी. तुम्हाला वरचं पांचट दूध वाटून टाकायचे, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे आणि चमचा घेऊन भांडं खरवडत बसायचे. आईला माहीत होतं. तो माझा त्याग नव्हता, भिंगरे, ती माझी चोरी होती. तू त्यावर हॉल रडवलास.

दुसरं, मायेचं. तुझ्या कार्यक्रमाचं नावच "स्वतःसाठी माया". कापताना शिवणीच्या पलीकडे बोटभर कापड जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात, हे तुला कुणी सांगितलं? तू शाळेतून येऊन माझ्या कापायच्या टेबलाखाली अभ्यासाला बसायचीस. वर डोकं काढून विचारलं होतंस, "ताई, एवढं कापड फुकट?" मी सांगितलं होतं, फुकट नाही, माया आहे. उद्या माणूस जाड झाला तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. तुला हे आठवलं, बरं वाटलं. पण पडद्यावर चित्र दाखवलंस ते झालरीचं! "ही पाहा माया, कपड्याची शोभा!" अगं, ती झालर. माया आतल्या बाजूला असते. अंगात घालणाऱ्यालासुद्धा ती दिसत नाही. चारचौघांत मिरवते ती झालरच.

आणि आता हाताचं. मागच्या खेपेला तू घरी आलीस, तेव्हा चहा पिताना माझ्या हातांकडे बघत होतीस. तू बघतेस हे मी बघितलं. कप ठेवून तू काय म्हणालीस आठवतंय? "ताई, चहा मस्त झालाय."

बस, एवढंच. मला चहा सांगितलास आणि हात हॉलभर लोकांना.

– जिचं नाव तू घेतलं नाहीस ती


२ मार्च

भिंगरे,

तुझे आवाजी निरोप मिळाले. सगळे ऐकले. फोन उचलत नाही कारण फोनवर तू बोलतेस आणि मी "हं" म्हणते, ही आपली जुनी वाटणी आहे. पत्रात मला कुणी मध्ये तोडत नाही.

तू म्हणतेस, "नाव कुठे घेतलं मी तुझं?" वा गं माझे बाई. नाव घेतलं असतं तर निदान लोक म्हणाले असते, अमुक बाईचा हात दुखतो. नाव न घेतल्यानं मी एक बाई उरलेच नाही, उदाहरण झाले. उदाहरणाला कोण विचारतं, तुला सांगितलेलं चालेल का म्हणून?

तू म्हणतेस, "त्यातून किती बायकांना फायदा झाला!" झाला असेल. काजवाली दुसऱ्या दिवसापासून दुपारी दहा मिनिटं डोळे मिटून बसते. चेहरा टवटवीत दिसतो तिचा. मालक विचारतात, झोपलीस का? ती म्हणते, स्वतःशी बोलतेय. मालक म्हणतात, काजांशी बोल. तुझं सांगणं खोटं आहे, असं मी म्हणतच नाही. विहिरीचं पाणी गोडच आहे. फक्त ती माझ्या अंगणात खणलीस, मला न विचारता.

आणि तू म्हणतेस, "डॉक्टरांना दाखव, मी नाव पाठवते." पाठवू नकोस. माझा हात ठणठणीत आहे. या वयात बोटांना मुंग्या येतातच. मुंग्यांना तरी जायला दुसरी जागा कुठे आहे?

आमचे हे तुझा निरोप ऐकून म्हणाले, "ती बरोबर बोलतेय, दाखवून ये." म्हटलं, तुम्ही कधीपासून बरोबर-चूक ओळखायला लागलात? ते पेपरात शिरले. पण पेपराआडून माझ्या हाताकडे बघत होते. हल्ली जो तो माझ्या हाताकडे बघतो. तिकीट लावावं म्हणते.

इथवर पत्र लिहून टेबलावर ठेवलं होतं. पाकिटात घालणार होते. पण एक गोष्ट राहिली, आणि ती तुला नाही तर कुणाला सांगू, हीच तर गंमत आहे.

गुरुवारी हॉटेलवाल्यांच्या कोटांचं कापड टेबलावर अंथरलं होतं, थरावर थर. गळ्यापाशी वळण घेताना कात्री कुठे चालली आहे ते बोटांना कळेना. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, तिन्ही पाहुण्यांसारखी बसून. मी खडूच्या रेघेवरून कापत गेले. रेघेबाहेरून नाही, रेघेवरून. अख्खा थर बिनमायेचा कापला. शिवायला घेतला तर प्रत्येक कोट बोटभर आखूड.

मी, भिंगरे. जी तुला शिकवत होती.

मालकांना सांगितलं, खडू पुसला गेला होता. त्यांनी मान डोलावली. ते इतक्या चटकन मान डोलावणारे नव्हेत.

डॉक्टरचं नाव तरीही पाठवू नकोस.

– ताई


२८ मार्च

भिंगरे,

झालं ते सांगते. मध्ये "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घे आणि मग पुढे वाच.

कारखान्यात माझ्या हातून कात्री पडली. मोठी, कापायची. पायाच्या अंगठ्यापासून वीतभर लांब. काजवालीने मशीन थांबवलं आणि उठून आली. "दाखव हात." मी मागे लपवला. "अगं, दाखव म्हणते ना! त्या दिवशीच्या व्याख्यानातल्या बाईसारखं करू नकोस हं!"

मी म्हटलं, "ती बाई मीच आहे."

"चेष्टा करू नकोस."

"ती बोलणारी माझी सख्खी पाठची बहीण. खरवडताई म्हणजे मी."

तिच्या तोंडाचा आ झाला. मग रडेल असं वाटलं. मग म्हणाली, "मी दोन थोबाडीत देणार होते ना तुला?"

"हो."

"आणि तू मला रुमाल दिलास?"

"हो."

"मेले, उठ!" असं म्हणून तिने मला दंडाला धरलं, मालकांना "आम्ही दोघी चाललो" असं सांगितलं, विचारलं नाही, आणि सरळ हाताच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. थोबाडीत दिली असती तर स्वस्तात सुटले असते. तिथे हाताला विजेचे चटके देतात आणि नस किती वेगानं निरोप पोचवते ते मोजतात. माझी नस सरकारी कचेरीतल्यासारखी निघाली.

मनगटापाशी नस दाबली गेली आहे. वर्षानुवर्षं कात्री धरून, मनगट वाकडं ठेवून. डॉक्टर तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "किती दिवस होतंय असं?" म्हटलं, थोडे दिवस. त्यांनी माझ्या दोन्ही हातांचे अंगठे शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. डावीकडे उशी, उजवीकडे खड्डा. मग म्हणाले, "आजी—" काजवाली ताडकन म्हणाली, "आजी कुणाला म्हणता?" त्यांनी "ताई" केलं. म्हणाले, "ताई, ऑपरेशन करून दाब काढू. मुंग्या जातील. पण गेलेला स्नायू किती परत येईल सांगता येत नाही. आणखी थांबलात तर काहीच परत येणार नाही. मग कात्री विसरा."

कात्री विसरा. जसं काही छत्री विसरतात.

मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले. विचार केला. काय विचार केला ते तुला खरं सांगते, कारण इतर कुणाला ते कळणार नाही. मला ऑपरेशनची भीती वाटली नाही. मला राग आला की हे केलं, तर तू खरी ठरशील. हात वाचला तर श्रेय तुझं. हात गेला तर दाखला तुझा. दोन्हीकडून हॉल तुझाच. माझ्याच मनगटात मला उभं राहायला जागा नाही.

मी दोन आठवडे तशीच बसले, कळलं? तुझ्यावरच्या रागापायी मी माझा हात वाळत ठेवला. तुझं नाक खाली व्हावं म्हणून माझा अंगठा कापून द्यायला निघाले होते.

मग आज सकाळी ह्यांच्या शर्टाचं बटण लावायला गेले. सुई बोटांत आहे की नाही हे बघून कळत होतं, धरून कळत नव्हतं. ह्यांनी सुई माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे, वरून जाकीट घालतो." उन्हाळ्यात, भिंगरे.

ऑपरेशनची तारीख घेतली आहे. तुझ्यामुळे घेतलेली नाही. तू खरी ठरत असूनही घेतली आहे. हा फरक तुला कळेल अशी आशा नाही, पण लिहून ठेवते.

– ताई


२० एप्रिल

भिंगरे,

डाव्या हातानं लिहिते. अक्षर बालवाडीचं. वाक्यं छोटी.

तू आलीस. बोलावलं नव्हतं. तरी आलीस.

ऑपरेशनच्या वेळी मी जागीच होते, फक्त हात झोपलेला. नंतर टाके बघितले. बरे घातलेत. जरा विरळ. डॉक्टरांना सांगितलं. हसले.

हे चहा करायला शिकले. पहिल्या दिवशी गॅस दचकला. आता दोघांची ओळख झाली आहे.

तू माझे केस विंचरलेस. गुंता खालून सोडवत, ओढ न बसू देता. मीच शिकवलं होतं तसं. तेव्हा तू मागे होतीस म्हणून मला तुझा चेहरा दिसत नव्हता. तू म्हणालीस, "ताई, हात बघितला तेव्हा मी घाबरले. तुला सांगितलं असतं तर तू हसून उडवलं असतंस. तुझ्या हसण्याची मला भीती वाटते. हॉलला सांगणं सोपं गेलं."

मी हसले नाही. बघितलंस ना?

हे मला आधी सांगितलं असतंस, तर तीन पत्रं वाचली असती. आणि अंगठ्याची थोडी उशीही.

मी एकच मागितलं. ही हाताची गोष्ट आता माझी. तू सांगायची नाहीस, नावानं नाही, बिननावानंही नाही. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. म्हणालीस, "शपथ."

दमले. डावा हात म्हणतो, माझीही काळजी घ्या.

तू गेल्यावर घर मोठं वाटतंय.

– ताई


३० मे

भिंगरे,

तुझ्या नव्या कार्यक्रमाची पत्रिका काजवालीने आणून दिली. टेबलावर ठेवली, काही बोलली नाही, आणि जाऊन आपल्या मशीनशी बसली. ती काही बोलत नाही म्हणजे काय ते तुला कळणार नाही. मला कळलं.

पत्रिकेवर माझा हात आहे. पट्टीतला, उशीवर ठेवलेला. शेजारी चादरीचा निळा काठ. ती चादर माझी. मी झोपले होते. म्हणजे केस विंचरून, मला झोपवून, शपथ घेऊन झाल्यावर तू फोन काढलास. की आधी काढला होतास? क्रम काय होता, एवढंच विचारायचं आहे. शपथ आधी की फोटो आधी? उत्तर देऊ नकोस. दोन्हींपैकी कुठलंही मला नको आहे.

खाली मोठ्या अक्षरात, "ताई बरी झाली! भेटा, मंचावर, प्रत्यक्ष." प्रत्यक्ष मी, भिंगरे. मला न विचारता मला छापलंस. आणि कालचा तुझा निरोप: "ताई, रागावू नकोस, तुला सरप्राइज द्यायचं होतं. सगळी तिकिटं गेली आहेत. तू नुसती ये, हात वर कर, एवढंच. लोक रडतील बघ."

रडतील. मीही रडले, घरी, एकटी, फार वेळ नाही. पहिल्या वेळी मी म्हटलं, तिला कळलं नाही. ते माफ करता येतं. कळत नसलेल्या माणसावर किती दिवस रुसणार? या वेळी तुला कळलं होतं. मी तुला समोर बसवून, डाव्या हातानं तुझी बोटं धरून सांगितलं होतं. या वेळी तू न कळता नाही, कळून केलंस. खरं सांगू? पहिल्या वेळी मला राग आला होता. या वेळी राग येत नाही आहे, आणि त्याचंच भय वाटतं.

तरी हाताची खबर तुला देते. पत्र लिहायचं, तर खोटं का लिहायचं? हात बरा आहे. मुंग्या गेल्या. कुठे गेल्या माहीत नाही, पत्ता ठेवला नाही. अंगठ्याचा खड्डा अजून आहे, पण परवा अंगठा करंगळीला टेकला. व्यायाम शिकवणारी मुलगी आहे, बारीकशी, पण मोठी खमकी. मूठ मिटा, आकडा करा, सपाट करा, अंगठा फिरवा. मी "होतंय, होतंय" म्हटलं की म्हणते, "काकू, मला सांगू नका, हाताला सांगा." कापायचं काम अर्धा दिवस सुरू केलं. कात्री नवी आणली, हलकी, बोटांना गादी असलेली. कापताना मध्ये थांबते, मनगट सरळ करते, खिडकीशी जाऊन उभी राहते. काही करत नाही, उभी राहते. मालक म्हणाले, "हे काय नवीन?" म्हटलं, नवीन नाही, उशिरा आलंय. संध्याकाळचं जादा काम सोडलं. पहिले काही दिवस वाटलं, चोरी करते आहे. मग आठवलं, चोरी मला लहानपणापासून छान जमते.

हे सगळं कुणी बघत नाही. तरी होतंय. मला वाटायचं, आपल्याकडे कुणी बघितलं की आपण बरे होतो. तसं नाही गं. बरं होताना माणूस फार कंटाळवाणा दिसतो. तिकीट कुणी काढणार नाही.

आता तुझ्या कार्यक्रमाचं. बारा तारीख, संध्याकाळी पाच. त्याच वेळी माझा व्यायाम असतो. त्या मुलीनं ती वेळ महिन्याआधी दिली आहे आणि ती वेळ चुकवलेली तिला खपत नाही. तेव्हा मी येणार नाही. पुढच्या वेळी नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. घरी येऊ नकोस, निदान मी बोलावेपर्यंत. बोलावीन की नाही, माहीत नाही.

पत्रिका छापून झाल्या, तिकिटं गेली, रिकाम्या मंचावर लोकांना काय सांगू, असं तू विचारशील.

सांग, ताई स्वतःची काळजी घ्यायला गेली आहे.

टाळ्या पडतील.

– ताई